भाटव्यांसाठी मोठं अक्षर

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका नव्या सहकाऱ्यानं चहा पिता पिता सहज विचारलं, घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे, फेकायला जीव होत नाही, त्याच्यावर मराठी लिहायला हलकंसं, चांगलं काय टाकावं? प्रश्नात काहीच वावगं नव्हतं. मी कप टेबलावर आपटला आणि म्हणालो, "जे आहे त्याच्यावर लिही. नाही तर हातानं लिही. पण शोधत बसू नको." आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरच्या बाई वळून पाहू लागल्या. त्या पोराला वाटलं असेल, साहेबांचं बीपी वाढलं. मी उरलेला चहा टाकून दिला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

राग त्याच्यावर नव्हता. हा राग मी कितीतरी वर्षं सोबत घेऊन फिरतो आहे. तो मी दुकानदारांवर काढला, मासिकासोबत फुकट येणाऱ्या सीड्यांवर काढला, प्रिंटरवर काढला, बायकोवर तर उठता बसता काढला. ज्याच्यावर काढायला पाहिजे होता त्याला मात्र दर वेळी मोकळं सोडलं. मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. घरी निम्मी उत्तरं मानेनंच देतो. लोकांना हा स्वभाव सभ्यपणाचा वाटतो. तो सभ्यपणा नाही हे मी आता लिहून टाकणार आहे.

गोंदियाला आमच्या गल्लीत घरी कॉम्प्युटर आणणारा मी पहिला. दोन हजार सालानंतर लवकरच घेतला, दुकानात सुटे भाग जोडून केलेला. पांढरा डबा होता, पुढे पिवळा पडला. त्याच्यावर मी काय करायचो? ऑफिसचं एखाद-दुसरं पत्र, मुलीच्या शाळेचा निबंध, भावकीतल्या लग्नाची पत्रिका. पण नातेवाइकांत सांगताना मी असं सांगायचो, जणू काही कारखाना टाकला आहे. आणि सगळ्यात जास्त सांगितलं ते बाईच्या गावात.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला भाटवे. तिचं सासर अर्जुनीच्या पुढे, आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या वाटेवर. त्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, आणि रात्री नाटक. नाटक नसेल तर मंडई झाली असं कोणी म्हणत नाही.

आणि आमच्या या नाटकाची एक रीत आहे, जी पुण्याच्या माणसाला सांगितली तर तो हसतो. नट नाटक पाठ करत नाही. करणार कधी? कालपर्यंत तो धानाच्या बांधीत वाकलेला असतो, तालमीला सवड मिळेस्तोवर दिवाळी तोंडावर असते. म्हणून विंगेत, पडद्याच्या काठाला, स्टुलावर प्रॉम्टर बसतो. तो वाक्य देतो, नट ते उचलतो आणि रडतो, ओरडतो, तलवार काढतो. म्हणजे सगळं नाटक, सगळ्या पात्रांचं, एका माणसाच्या तोंडून निघतं आणि तो माणूस कोणालाच दिसत नाही. भाटवे त्या गावचे प्रॉम्टर. लग्नाच्याही आधीपासून. त्यांना राजाचं काम दिलं तरी त्यांनी घेतलं नव्हतं. मंडईचे दिवस आले की ते तंबाखू सोडायचे, थंड पाणी प्यायचे नाहीत, आणि बाई त्यांच्याशी भांडणसुद्धा पुढे ढकलायची. वर्षातले बाकीचे दिवस ते कोणी विशेष नव्हते. दोन एकर धान, एक म्हैस.

त्यांना साखर होती. साखरेनं डोळ्यांचा पडदा धरला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की गेलं ते येणार नाही, आहे ते किती दिवस राहील सांगता येत नाही. डॉक्टरचं हे बोलणं त्यांनी गावात कोणाला कळू दिलं नाही. त्या वर्षी गावच्या नाट्यमंडळानं वडशाहून नाटकाची प्रत आणली होती, ती प्रतीची प्रत, तिची प्रत, करड्या कागदावर करडी अक्षरं. पोळ्यानंतर मी गावी गेलो तेव्हा मंडळाचे चार जण ओसरीवर बसले होते आणि भाटवे ती प्रत नाकाशी धरून वाचायचा प्रयत्न करत होते. मला पाहून त्यांनी ती खाली ठेवली.

"बाबू," ते म्हणाले, "मोठं अक्षर पाहिजे. बस्स. एवढं मोठं." आणि बोटानं हवेत माप दाखवलं.

बाई दारातून, तिकडच्या बायका 'करतो-देतो' बोलतात तशी, म्हणाली, "मी लिवून देतो ना. स्केचपेन आणून दे मले, दिवाळीपावतर होते."

बाई दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि ठसठशीत. आज मी शपथेवर सांगतो की तिनं ते केलं असतं. दोन महिने होते. आणि मी हसलो. "स्केचपेननं? एवढं नाटक? मंग मी कॉम्प्युटर कायले घेतला?" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, वा, मंग तर कामच झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईनं पदराला हात पुसले आणि ती आत गेली.

गोंदियाला परत आलो आणि शोध सुरू झाला.

कॉम्प्युटरसोबत दुकानदारानं एक मोठ्ठं लिहिण्याचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्यात मराठी अक्षर एका मापापर्यंत बरं दिसायचं. मोठं केलं की ओळीच्या वरचं सगळं कापलं जायचं. वेलांट्या अर्ध्या, रफार गायब, मात्रा नुसत्या ठिपक्यांसारख्या. ओळींमधलं अंतर वाढवलं तर काही पानांनंतर स्क्रीन थिजायची, माउस हलेना, आणि मग डब्याची कळ दाबून सगळं बंद करायचं. टाइप केलेलं गेलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण कीबोर्डवर मूठ मारून मारून त्याचं एक बटण मी कायमचं बसवलं.

स्टेशनकडच्या दुकानात गेलो. दुकानदार सोळा मशीनी उघड्या टाकून मध्ये बसला होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भैया, मशीन बूढ़ी हो गई है. अब इसके मुँह में गंगाजल डालो." बसलेले दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, मला फक्त लिहायचं आहे. तो म्हणाला, लिखना है तो नया ले लो, नया लो तो सब लिखा जाएगा. या लोकांचा मला तेव्हा जो संताप यायचा तो आजही कमी झालेला नाही. त्याच्या चार-पाच वर्षं आधी हेच लोक म्हणत होते की ही मशीन तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत चालेल.

दुसऱ्यानं छापखान्यात वापरतात ते सॉफ्टवेअर दिलं, कुठून तरी उतरवलेलं. त्यात अक्षर देखणं यायचं. पण त्यातल्या मराठीची बटणं वेगळीच. जिथे माझी बोटं 'क' शोधायची तिथे दुसरंच काही उमटायचं. एक वाक्य लिहायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बायको कुकरच्या तीन शिट्ट्या काढायची. तिसरं होतं मासिकाच्या सीडीवरचं, फुकटचं, नवं. त्याचं नाव फार झालं होतं. ते उघडायला लावून मी आंघोळीला गेलो, आलो, देवाला दिवा लावला, तरी त्याचं उघडणं सुरूच. डब्यातून घरघर असा आवाज की बायको म्हणाली, याला दमा झाला का? मी तिच्यावर ओरडलो. तिचं काय चुकलं होतं? काही नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. इथवर मी हे कोणालाही सांगत आलो आहे, हसवून हसवून. पुढचं एकदाच, एकाच माणसाला सांगितलं आहे.

त्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्या दिवसापासून एक साधं लिहिण्याचं साधन होतं. सगळ्यांच्याच मशीनमध्ये असतं. त्याला कोणी हात लावत नाही, कारण त्यात काहीच नाही. चौकट नाही, रकाने नाहीत, पानाला आकडे नाहीत. बटण दाबायचं बोट उचलायच्या आत ते उघडतं. गणपतीच्या दिवसांत एका दुपारी, बाकी सगळ्यांना कंटाळून, मी त्यात नाटकाचं पहिलं पान टाइप केलं. अक्षर मोठं केलं, मोठं करत गेलो. कापलं गेलं नाही. प्रिंट काढली. पान भिंतीला टेकवून मागे सरकत सरकत दारापर्यंत गेलो, चष्मा काढला. दिसत होतं. राजा, प्रधान, पहिलं वाक्य, सगळं दिसत होतं.

म्हणजे चांगलं सॉफ्टवेअर मला सापडलं होतं. भाटव्यांनी हवेत बोटानं जेवढं माप दाखवलं, तेवढंच अक्षर समोर होतं. रोज चार पानं केली असती तरी दसऱ्याच्या आसपास काम संपलं असतं.

मी ते पान घडी करून रद्दीत टाकलं.

काऊन? कारण ते पान दिसायला दरिद्री होतं. पात्राचं नाव आणि त्याचं बोलणं एकाच मापाचं, एकाखाली एक, शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि माझ्या डोक्यात एक वेगळीच प्रत तयार झाली होती. डावीकडे ठळक नावं, उजवीकडे संवाद. रंगसूचना तिरक्या अक्षरात. कोणाचंही वाक्य दोन पानांत तुटणार नाही. पहिल्या पानावर नक्षीची चौकट, तिच्यात मंडळाचं नाव, नाटकाचं नाव. आणि सगळ्यात खाली 'अक्षरजुळणी', आणि पुढे माझं नाव. हे सगळं भाटव्यांनी मागितलं नव्हतं. मंडळानं मागितलं नव्हतं. एक अर्धा आंधळा होत चाललेला माणूस मोठं अक्षर मागत होता आणि मी चौकटीची नक्षी निवडत बसलो होतो.

त्या वर्षी मंडईला मी रिकाम्या हातानं गेलो. विचारण्याआधीच सांगितलं की चांगलं सॉफ्टवेअर मिळून नाही राहिलं, जुन्या मशीनवर चालत नाही, शोधून राहिलो. सगळं खोटं होतं असं नाही, आणि त्याच्यातच त्याची हलकट सोय होती. भाटवे म्हणाले, होईल, तू काय जाणूनबुजून थोडी करून राहिला. त्यांनी भिंग घेतलं आणि जुन्याच प्रतीवर बसले. पहिला अंक त्यांनी बहुतेक आठवणीवर काढला. दुसऱ्या अंकात बाप पोराला घराबाहेर काढतो तिथे वाक्य आलंच नाही. बापाचं काम करणारा माणूस हात वर करून तसाच उभा. पोरगा मान खाली घालून उभा. वाक्य येईना. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ प्रॉम्टर, निजला काय बे?" सगळा मांडव हसला. मी पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीत होतो. पडद्याच्या फटीतून मला भाटव्यांचा भिंगवाला हात दिसत होता. तो त्याच पानावर वर-खाली फिरत होता.

सकाळी बाई चुलीपाशी म्हणाली, "पुढच्या साली हेच नाटक घेऊन राहिले मंडळवाले. काल नास झाला म्हणून. आता मी लिवतो. तू राहू दे."

मी म्हटलं, "बाई, अर्धं टाइप झालं आहे. आता काऊन उगाच बोटं मोडतेस?"

अर्धं खरंच झालं होतं. छापखान्याच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या चौकटीत. दुसऱ्यांदा मी तिला थांबवलं.

त्यानंतरचं वर्ष मी त्या प्रतीवर घातलं. उलट्यासुलट्या बटणांची सवय करून घेतली. एका ओळखीच्याकडून जुन्या मशीनमधली मेमरीची पट्टी आणून लावली. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसायचो ते जेवायलाच उठायचो. बायको म्हणायची, भाटव्यांसाठी किती करून राहिले तुम्ही. मी मान हलवायचो. नाटक संपलं, चौकट बसली, नाव बसलं. आणि अक्षर? मोठं करायला गेलो की पात्रांची नावं संवादांवर चढायची. सगळी मांडणी विस्कटायची. म्हणून अक्षर ठेवलं चौदा मापाचं. चौदा म्हणजे काही लहान नाही, मी स्वतःला म्हणायचो. सरकारी पत्रापेक्षा मोठंच. मला माहीत होतं की ते त्यांना दिसणार नाही. रद्दीत टाकलेल्या पानाचं माप मला माहीत होतं. दोन्हीत किती फरक आहे तेही माहीत होतं. हे "माहीत नव्हतं" असं लिहायला आजही हात वळवळतो, म्हणून मुद्दाम पुन्हा लिहितो. माहीत होतं.

मंडईच्या आदल्या दिवशी चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीनं अर्जुनीला उतरलो, तिथून बसनं गावात. प्रत प्लॅस्टिकच्या कव्हरात, कडेला तारेची बांधणी. दुपारचं ऊन अंगणात होतं. भाटव्यांनी प्रत घेतली आणि उन्हात नेली. जवळ धरली, लांब धरली, वाकडी केली. पानावरून तळहात फिरवला.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले.

बाई सुपात तांदूळ घेऊन उभी होती. तिनं सूप हलवणं थांबवलं. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी प्रत उघडली आणि उभ्या उभ्या दोन पानं धडाधड वाचली. "छापल्यावानी झालं जी," ते म्हणाले. मग त्यांनी भाटव्यांकडे पाहिलं, भाटव्यांनी जमिनीकडे पाहिलं.

त्या वेळी अर्जुनीच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. ते पान दुप्पट मोठं करून द्यायचे. माझी प्रत काळीकुळकुळीत होती, करडी नव्हती. दुप्पट केली असती तर त्यांना दिसली असती. चौकटीसकट, नावासकट, सगळं राहिलं असतं आणि दिसलंही असतं. जायला यायला संध्याकाळ झाली नसती. हे मला त्याच क्षणी सुचलं. नंतर नाही, त्याच क्षणी. ओठांपर्यंत आलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

अध्यक्ष म्हणाले, "तुमीच टाइप केलं तं तुमाले सरसर येत असल. या साली तुमी बसता काय?"

मी गप्प राहिलो. कमी बोलणारा माणूस म्हणून माझी जी ख्याती आहे, ती त्या दिवशी कामी आली. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"बसू द्या त्याले," भाटवे म्हणाले. "बाबू बसंल."

मी बसलो. आणि मला आवडलं. अपराध सांगायला निघालेला माणूस हे वगळतो, मी वगळत नाही. विंगेत बसून मी वाक्य टाकत होतो आणि समोर माणसं रडत होती, हजार लोक चिडीचूप होते. ज्याला घरी दोन शब्द धड बोलता येत नाहीत, त्याच्या तोंडून राजा बोलत होता, राजाची आई बोलत होती. बाप पोराला घराबाहेर काढतो ते वाक्य मी वेळेवर दिलं. टाळ्या पडल्या. पुढच्या साली मंडळानं मलाच विचारलं, त्याच्या पुढच्या सालीही. भाटव्यांना आणखी एक हंगाम मोठं अक्षर दिसलं असतं. मग तेही गेलं. मग उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. तो एक हंगाम आणि त्याआधीचे दोन, एवढेच त्यांच्या हातात होते, आणि ते माझ्या टेबलावर गेले.

यात कॉम्प्युटरचा काय दोष? मी मात्र वर्षानुवर्षं दोष त्यालाच दिला. तो भंगारवाल्याला देताना मी त्याला लाथ मारली. शेजारी पाहत होते. बायको म्हणाली, निर्जीव वस्तू आहे ती. नवा घेतला, त्यात लिहिण्याची चार-चार साधनं आहेत. कुठलंही उघडलं की मला रद्दीतलं ते पान दिसतं आणि राग येतो.

दोन वर्षांपूर्वी मंडळानं माझा सत्कार ठेवला. मंडईच्या दुपारी, शाळेच्या पटांगणात, शाल आणि नारळ. शाल कोणाच्या हातानं? जुन्या प्रॉम्टरच्या. भाटव्यांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला, आधी गालाला लागला, मग खांद्याला. शाल टाकली, पाठीवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला जे वाटलं त्याला मी शरम म्हणणार नाही. संताप होता. मला ती शाल फाडून टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात खाटेवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. साधं साधन, भिंतीला टेकवलेलं पान, दारातून दिसलेलं अक्षर, चौकट, माझं नाव, अर्जुनीचं दुकान. बोलायला वेळ लागला. त्यांनी एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे पयल्याच साली झालं असतं," ते म्हणाले.

"हो."

"मंग तुले बसाचंच होतं काय तिथं?"

मी म्हटलं, पहिल्यांदा नाही. नाव पाहिजे होतं फक्त. बसावंसं मागाहून वाटलं.

ते हातावर तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, "सांगून बसला असतास त मी सरकलो असतो. मी काय स्टूल घेऊन पैदा नाही झालो. पण मले दोन साल वाटलं, माहे डोळे पुरेच गेले. छापलेलंबी दिसत नाही म्हणजे संपलं. मी त्याच्याच्यानं डॉक्टरकडं जाणं सोडलं, बाबू."

हे मला माहीत नव्हतं. हे खरोखर माहीत नव्हतं.

मला काहीतरी करायचं होतं, काहीतरी सोडायचं होतं. मी म्हटलं, भाटवे, या सालापासून मी बसत नाही. तेव्हा ते चिडले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"काऊन? तुले आता वाईट वाटून राहिलं म्हणून गावानं नाटक बंद कराचं काय? दुसरा कोण आहे? माही जागा घेतलीस ना, मंग ते चालवाची. वाईट वाटते त बसून वाटू दे."

बाई पाठीमागे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ती माझ्याशी बोलली नाही, त्यांच्याशी बोलली. "दोन खेप यानं माहा हात धरला," ती म्हणाली. "दोन्ही खेप मीच चूप राहिलो." आणि तिनं माझ्या समोरचा चहाचा कप उचलून आत नेला. अर्धा चहा त्यात होता.

तेव्हापासून तिचं माझ्याशी बोलणं कामापुरतं आहे. भाऊबीजेला ओवाळते. तबक फिरवताना माझ्या कपाळाकडे पाहते, डोळ्यांकडे पाहत नाही.

आणि मी बसतो. या वर्षीही बसलो. मंडईच्या आदल्या दुपारी शेवटची तालीम होती. या वेळी मंडळानं गोंदियाहून नवा साउंडवाला आणला, त्यानं रंगमंचावर वरून माइक लोंबकळवले. ते माइक असे की विंगेतला माझा आवाजही पकडतात. नटाच्या आधी माझंच वाक्य भोंग्यातून बाहेर पडायचं, पटांगणातून, तलावाच्या पाळीवरून, पार बाईच्या घरापर्यंत. साउंडवाला दोन वेळा आत येऊन म्हणाला, "प्रॉम्टर साब, आवाज़ थोड़ी नीचे रखो, सब सुनाई दे रहा है."

मी आवाज खाली आणला. समोरच्या नटाला वाक्य पोचलं नाही. तो हात वर करून उभा राहिला आणि तिरक्या नजरेनं विंगेकडे पाहू लागला. तिकडे अंगणात खाटेवर भाटवे ऐकत बसले असणार, हे मला ठाऊक होतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि ते वाक्य पुन्हा दिलं, पूर्ण आवाजात.